पणजोबांच्या लग्नाची वही

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेला थांबली तेव्हा उजाडायचं होतं. आत्या मात्र केस विंचरून, शाल अंगाभोवती घेऊन खिडकीशी बसली होती. "इथं माझा जन्म झाला," तिनं समोरच्या बर्थवरच्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्यानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

आमच्या घरात मिरज म्हणजे वानलेसचा दवाखाना. डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडातले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. पुढे १८९७ मध्ये तिथेच वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू केले. आमचे पणजोबा मिरजेत औषधं करायला शिकले आणि कोडोलीच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर झाले. त्यांची मुलं, नातवंडं, त्यातली आत्या आणि माझे बाबा, सगळी मिरजेच्या दवाखान्यात जन्मली. त्या काळच्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांची हीच कथा आहे.

पणजोबा-पणजीचं लग्न लागलं ते चर्च बघायला आम्ही निघालो होतो. घरात माहिती होती ती एवढीच: कोल्हापूर, वायल्डर चर्च, १९२६ चा मे महिना. पाहुणे कोडोलीहून बैलगाड्यांनी आले होते आणि पणजीच्या बाजूनं शाळेतल्या मुलींनी गाणी म्हटली होती, असं आजोबा सांगायचे. अर्थात त्यांचा जन्म १९२८ चा, तेव्हा तेही ऐकीवच. आत्याला हे चर्च बघायची घाई एकाएकी का झाली, ते मला कळलं नव्हतं. गुडघे कुरकुरतात म्हणून ती कल्याणच्या बाजारातसुद्धा जात नाही. पण तिकिटं तिनंच काढायला लावली.

जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. उजाडलं तसा दोन्ही बाजूंनी ऊस दिसायला लागला. मिरज-कोल्हापूर हा रेल्वेचा फाटा कोल्हापूर संस्थानानं बांधला, १८९१ मध्ये तो सुरू झाला. १९७१ मध्ये लाईन रुंद झाली. त्याआधी मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात उतरून मीटरगेजची गाडी धरावी लागे. आत्याला त्या गाडीच्या कोळशाचा वाससुद्धा आठवतो म्हणे. तिचं लग्न झालं आणि कोल्हापूर सुटलं, ते लाईन रुंद व्हायच्याच सुमाराला.

फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या तिची कल्याणची भाषा गळून पडली. "मी हुतो म्होरं, तू पिशवी घे," म्हणून ती निघालीसुद्धा. रिक्षावाल्यानं पन्नास सांगितले तर "काय लग्नाची वरात न्हेतोयस काय रं?" असं त्याला विचारलं. तो हसला आणि चाळीसवर आला.

लॉजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गरम पाणी सकाळी सहा ते आठ असं पाटीवर होतं, पाटीवरच होतं.

चर्च न्यू शाहूपुरीत, स्टेशनापासून लांब नाही. शाहूपुरी ही पेठच मुळात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी, त्यातही गुळाच्या व्यापारासाठी वसवली. हंगाम असल्यामुळे अजूनही एखाद्या वळणावर गुळाचा वास येतोच. चर्चमध्ये पोचलो तर पाळकसाहेब नव्हते. मंडळीतल्या कुणाचा तरी अंत्यविधी होता. आवारात खुर्च्या पुसणाऱ्या एका बाईंनी "सलाम" म्हणून आमची चौकशी केली. आत्यानं सगळं सांगितलं, माझी नोकरी आणि माझं न झालेलं लग्न धरून. बाईंनी फोन लावला आणि निरोप मिळाला: उद्या दहाला या, वह्या काढून ठेवतो.

ज्यांच्या नावाचं हे चर्च आहे ते रॉयल गूल्ड वायल्डर अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. १८४६ मध्ये ते नगरला आले आणि १८५२ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरात. इथलं मिशनचं काम त्यांनी सुरू केलं. आधी ते अमेरिकन बोर्डाखाली होतं, १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत १८८६ मध्ये विद्यार्थ्यांची जी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि जिच्यातून हजारो तरुण जगभर मिशनच्या कामाला गेले, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरचा मुलगा होता. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसांची नावं आपण मोठ्या हौसेनं मोजतो, कुस्तीपासून सिनेमापर्यंत. त्यात हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

दुपार मोकळी मिळाली म्हणून टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात गेलो. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७० च्या दशकातली. न्यू पॅलेसही त्यांचाच. मला बघायचा होता तो पोसायडन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात खोदकाम झालं, त्यात मिळालेली ही कांस्याची छोटी मूर्ती. ग्रीक समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या काळात इथवर आलेला. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे. आत्या काचेपाशी वाकली.

"ह्यो कुठला देव?"

"समुद्राचा. ग्रीक."

"मग हितं काय करतोय?"

मी व्यापारी मार्ग, सातवाहन वगैरे सांगायला लागले. ती पुढच्या कपाटाकडे गेली होती.

शनिवार

दहाच्या ठोक्याला आम्ही हजर. पाळकसाहेब तरुण निघाले. चाळिशीच्या आतले. त्यांनी लोखंडी कपाटातून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या वह्या आधीच काढून टेबलावर ठेवल्या होत्या. बाप्तिस्म्याची वेगळी, दफनाची वेगळी, लग्नाची वेगळी. "पानाच्या खालच्या कोपऱ्याला हात लावू नका, वरून उलटा," एवढी एकच सूचना. मग ते फोनवर नाताळच्या कार्यक्रमाचं मंडप-माइक ठरवत राहिले आणि आम्ही वहीत शिरलो.

वही आडवी, रुंद. छापील रकाने इंग्रजीत. तक्ता साधारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या नमुन्यासारखा: लग्न केव्हा, नावं, वय, स्थिती, धंदा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव, पुकार होऊन की परवान्यानं, मग सह्या. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नावं पुकारायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगायची, ती ही पुकार. शाई काळी होती ती तपकिरी झाली आहे. लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक कोरडा पडत असावा. शेवटची दोन-तीन अक्षरं नुसती ओरखड्यासारखी दिसतात आणि नव्या ओळीला पुन्हा डाग.

१९२६ चं पान सापडायला वेळ लागला नाही. मे महिन्यात लग्नं भराभर होती. आमचं चौथं.

वर: वय २८, धंदा कंपाउंडर, राहणार कोडोली. वधू: वय १८, राहणार कोल्हापूर, धंद्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. पणजी तेव्हा मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकून तिथेच धाकट्या वर्गाला शिकवत होती, हे आम्हाला माहीत आहे. लिहिणाऱ्याला ते धंद्यात धरावंसं वाटलेलं नाही. सह्यांत पणजोबांची सही इंग्रजीत, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढलेलं. पणजीची बाळबोध, प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत, फळ्यावर लिहिल्यासारखं. त्या सहीवर मी बराच वेळ थांबले. शेजारच्या पानांवर बायकांच्या सह्यांच्या जागी अंगठे पुष्कळ आहेत.

आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. "स्थितीचं काय लिवलंय?"

मी तो रकाना वाचलाच नव्हता. वधूपुढे अविवाहित. वरापुढे विधुर.

मी पुन्हा वाचलं. एका ओळीचा हिशेब दुसरीत गेला असेल, म्हणून वरची आणि खालची लग्नंही वाचली. तिथं सगळे अविवाहित. विधुर फक्त आमचे.

मग मोजायला बोटंसुद्धा लागली नाहीत. अक्का, म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तिचा अमृतमहोत्सव आम्ही १९९८ च्या जानेवारीत केला होता. मी तेव्हा शाळेत होते, मांडवात सरबत वाटलं होतं. म्हणजे अक्का १९२३ ची. आणि लग्न १९२६ चं. दोन्ही तारखा घरात सगळ्यांना पाठ. शेजारी-शेजारी ठेवून कुणी बघितल्याच नव्हत्या.

"आत्या, अक्का..."

"व्हय. तिची आई येगळी."

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक हाय की. आज्जीनं शेवटच्या दुखण्यात सांगितलं. आणि शपथ घातली, अक्का हाय तवर तोंडातनं काढायचं न्हाई."

"अक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली. मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चर्चची ओढ वगैरे काही नव्हती. पणजीनं मरताना सांगितलेली गोष्ट कागदावर आहे की म्हातारीचा भ्रम, ते तिला बघायचं होतं. पहिल्या बायकोचं नाव पणजीनं सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि आत्याच्या लक्षात राहिलं नाही. ते ती स्वतःच नक्की सांगू शकत नाही.

पाळकसाहेब फोन ठेवून आमच्याकडे आले. त्यांना असल्या गोष्टींची सवय असावी. वहीत डोकं घालून लोक येतात ते एका कामाला आणि जातात भलतंच घेऊन. ते म्हणाले, पहिलं लग्न इथल्या वहीत दिसत नाही, तेव्हा ते कोडोलीत झालं असणार. मिशनचं ठाणं तिथे एकोणिसाव्या शतकातच झालं होतं, मंडळी मोठी होती. मग त्यांनी बोट ठेवलं ते पानाच्या तळाशी, साक्षीदारांवर. साक्षीदार दोन. एक कुणी मिशनरी बाई, इंग्रजी सही. दुसरी सही मोडीत.

"ही कुणाची, ते मला आजवर वाचता आलेलं नाही," ते म्हणाले. "पण उद्या उपासनेला या. आमच्याकडे वाचणारे एक आहेत."

त्या सहीचा फोटो काढायला त्यांनी परवानगी दिली, फक्त तेवढ्याच भागाचा. बाकीच्या लग्नांची नावं त्यात यायला नकोत, ही त्यांची अट मला फार आवडली.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. रंकाळ्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. खासबागेत भेळ खाल्ली, आत्यानं तिखट वाढवून मागितलं. तिनं दिवसभर त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही आणि मीही नाही. रात्री दिवा मालवल्यावर एकदम म्हणाली, "आज्जीनं अक्काचे केस कधी दुसऱ्या कुणाला विंचरू दिलं न्हाईत. ती पन्नाशीची झाली तरी."

रविवार

उपासनेला गर्दी होती. पेटी, तबला आणि एका पोराकडे कीबोर्ड. रेव्हरंड टिळकांचं भजन लागलं तेव्हा आत्यानं पुस्तक मिटून ठेवलं, तिला गरज नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-ओवीचा सूर दिला. त्याआधी आपली मंडळी इंग्रजी चालींत कोंबलेले मराठी शब्द गात होती. ते ऐकायला कसं लागत असेल याची कल्पना मी करू शकते, कारण नाताळच्या गाण्यांत ते अजून ऐकू येतं.

प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांनी आमची ओळख करून दिली. "१९२६ मध्ये ज्यांचं इथे लग्न झालं त्यांची नात आणि पणती आज आपल्यात आहेत." सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या अशी उभी राहिली जणू परवाच तिचं लग्न लागलंय.

मोडी वाचणारे गृहस्थ मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले पंच. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. सारी हयात जुन्या जमिनींचे कागद वाचण्यात गेली. "आता कुठं आमाला भाव आलाय," ते हसत म्हणाले. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागतात. त्यांच्याकडे गावोगावचे लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. "पर लग्नाच्या वहीतली सही घिऊन कोण आलं नव्हतं. चला घरला. जेवल्याबिगर मी काय वाचत न्हाई."

त्यांच्या घरी जेवलो. काकूंनी पांढरा रस्सा केला होता. हॉटेलात मिळतो तो बहुतेक वेळा काजू आणि मैद्याच्या जोरावर उभा असतो. हा मटणाच्या आळणी पाण्याचा, नारळाचं दूध, खसखस, तीळ, आणि वरून तुपात परतलेल्या मिरी-लवंगेचा वास. वाटीत ओतला की ओघळावा इतका पातळ. आत्यानं तो वाटीनंच प्यायला, तिसऱ्यांदा मागितला आणि काकूंना विचारलं, "तीळ भाजून घेताय न्हवं?" त्यावर दोघींची अर्धा तास चर्चा. मोडी तशीच राहिली.

मग काकांनी चष्मा बदलला आणि भिंग काढलं. फोटो मोठा करून माझ्या फोनवर, आणि शिवाय मी सकाळी छापून घेतलेला कागद. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकावत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करत नाही. वाचणाऱ्यानं शब्द कुठे संपतो ते अंदाजानं ठरवायचं. काका ओठांतल्या ओठांत पुटपुटत, बोटानं हवेत तेच वळण गिरवत होते. अक्षर वाचण्यापेक्षा ते लिहिणाऱ्या हाताच्या मागून चालत होते.

"हे शेवटचं आधी वाचा. 'दस्तुर खुद्द'. म्हंजे स्वतःच्या हातानं केलीय. दुसऱ्यानं लिवून अंगठा उठवलेला न्हाई." मग बोट डावीकडे. "हे नाव. हे बापाचं. आणि हे आडनाव." त्यांनी तिन्ही शब्द सावकाश उच्चारले.

नावं इथे देत नाही. घरातल्या काहींना ती माझ्याकडून नाही, आत्याकडून कळायला हवीत. पण आडनाव ऐकताच आत्यानं हातातली सुपारी खाली ठेवली.

"ही तर कोडोलीची माणसं. अक्का त्यांच्याकडं जायची."

"कशाला?"

"आंबं आणायला."

सोमवार

काकांच्या ओळखीची गाडी मिळाली. पुणे-बंगळूर रस्त्यानं शिरोली, मग वाठारला डावीकडे वळून वारणानगर आणि कोडोली. हंगाम भरात. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, कडेला सांडलेला ऊस उचलणारी पोरं. वारणेचा कारखाना इथेच. बैलगाडीनं हे अंतर १९२६ च्या मे महिन्यात कापायचं म्हणजे रात्रीच निघाले असणार, उन्हाच्या आधी पोचायला. घरात सांगतात तशी ती मजेची वरात असेलच असं मला रस्ता बघून वाटलं नाही.

कोडोलीत ख्रिस्ती वस्ती मोठी आहे, चर्च आहे, मिशनचा दवाखाना आहे. ते आडनाव विचारल्यावर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. दारात एक बाई शेंगा निवडत होत्या, आत्याच्याच वयाच्या. आत्यानं पणजोबांचं नाव घेतलं आणि "कंपाउंडर" म्हणाली.

"कंपौंडरच्या घरची व्हय? मग अशा दारात का हुबा ऱ्हायलासा? या की आत!"

एवढंच. आम्ही कोण, कशाला आलो, काही विचारणं नाही. पाणी आलं, चहा आला, एका सुनेनं उपमा टाकला. मी फोनवरची सही दाखवली आणि नाव वाचून दाखवलं.

"आमचं थोरलं आज्जं," त्या म्हणाल्या. म्हणजे नवऱ्याचे आजोबा. "दवाखान्यात व्हतं, रोग्यांची नावं लिवायला. कंपौंडरची पहिली बायकू त्येंचीच भन. बाळंतपणानंतर म्हैन्यातच गेली. मग आज्ज्यानंच म्हनं त्येंच्या मागं लागून दुसरं लगीन लावून दिलं, पोरीला आई पायजे म्हणून. सही करायला गेल्यालं कोल्लापुरास्नी. घरात सांगायचे आमच्या."

पहिल्या बायकोच्या भावानं दुसऱ्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही केली होती. दस्तुर खुद्द.

आत्यानं तिचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं, सहज, जसं शेजारणीचं सांगावं. शंभर वर्षांनी आमच्या घरातल्या कुणीतरी ते ऐकलं, असं काहीतरी मी मनात जुळवत होते. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "अक्का तर दर उन्हाळ्याला यायची की. लगीन झाल्यावरबी. मामाच्या घरला न्हाई यायचं तर कुठं जायचं? आईच्या मातीवर फुलं ठिवायची, दोन दिस ऱ्हायची, आंब्याची पाटी घिऊन जायची."

आत्याच्या हातातला कप तसाच राहिला. "मामा म्हणायची?"

"मग काय म्हणंल?"

"तिला ठाऊक व्हतं?"

"आता गं बया. आपली आई कोण ह्ये ठाऊक नसंल व्हय? शाळंत असल्यापासनं ठाऊक. कंपौंडरनंच आणून दाखिवलं व्हतं तिला. पर म्हणायची, घरात बोलू नगा, आईला वाईट वाटंल."

म्हणजे पणजी अक्काला कळू नये म्हणून जन्मभर जपत राहिली आणि अक्का पणजीला कळू नये म्हणून. मधे आंब्याच्या पाट्या. त्या पाट्यांतले आंबे मी खाल्लेले आहेत. "कुठले गं?" असं विचारलं की अक्का "ओळखीच्यांकडचे" म्हणायची. आणि रुमालानं एकेक पुसून सगळ्यात मोठा पणजीच्या पुढ्यात ठेवायची, असं आजोबा सांगत. पणजी तो न विचारता खायची. तिला तरी खरंच काही कळत नव्हतं का, याची मला आता शंका आहे. आत्याला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "गप बस."

दफनभूमीत गेलो. दगड नाही. बाईंच्या नातवानं जागा दाखवली, कुंपणालगत, कडुलिंबापासून तिसरी. मातीचा उंचवटाही आता उरलेला नाही. जागा घरातले लोक एकमेकांना दाखवत आलेत म्हणून माहीत. आत्यानं नातवाला विचारलं दगड बसवायला काय खर्च येईल. त्यानं घडवणाऱ्याचा नंबर दिला. गुळगुळीत काळा हवा की साधा, अक्षरं कोरलेली की रंगवलेली, यावर तिथेच उभ्या-उभ्या बोलणं झालं. आत्याला कोरलेली हवीत. रंग उन्हात उडतो म्हणाली. नाव काय घालायचं, माहेरचं की सासरचं, यावर मात्र तिचं आणि बाईंचं जमेना. ते फोनवर ठरवू म्हणून ठेवलं.

निघताना गुळाची ढेप आणि शेंगांची पिशवी. नको म्हणायची सोय नव्हती.

रात्री कोल्हापूरहून गाडी सुटली. सामान लावून झालं, भाकरी खाऊन झाली, तशी आत्या बाबांना फोन लावायला लागली. शपथ पाळून झाली, आता थोरल्या भावाला सांगायचं. तिला ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर चालू. डब्यातल्या निम्म्या लोकांना आमचा इतिहास कळणार होता, पण मी काही बोलले नाही.

"दादा, जेवलास? बस आधी. अरं न्हाई, कुणाला काय झालं न्हाई. अक्काचं एक सांगायचंय."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"कोडोलीला तिच्या मामाचं घर होतं, तेच ना?" बाबा म्हणाले. "मी दोनदा गेलोय तिच्याबरोबर. पाटी उचलायला न्यायची मला."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तू विचारलंस कधी?"